गटारकाका आणि खाडीपलीकडचे नियम

काका कुठल्याही गावी गेले की आधी वाकायचे. देवळाच्या पायरीशी नव्हे, रस्त्याच्या कडेला, गटाराच्या जाळीशी. एक हात खिशातल्या पेनावर, म्हणजे ते आत पडू नये, दुसरा गुडघ्यावर, आणि मान तिरकी करून आत बघायचं. गल्लीतलं लग्न असलं आणि आम्ही सगळे गाडी करून निघालो, की हॉलच्या दारात अत्तर लावायला उभी असलेली मुलगी तशीच उभी राही. काका तिला वळसा घालून मागच्या बाजूला जात आणि पावसाचं पाणी कुठून बाहेर काढलंय ते पाहून येत. मग जेवताना शेजारच्याला सांगत, "हॉल चांगला आहे. पण मागे ढाळ उलटा आहे. पावसाळ्यातली तारीख घेऊ नका." काकू म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा पोहे नंतर खाल्ले, आधी आमचं अंगण बघितलं. मी पसंत पडले की अंगण, ते अजून कळलेलं नाही."

विरारला मनवेलपाड्यातल्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं. बाकी सगळ्यांचे ते गटारकाका. नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण त्यांना त्याचा राग नव्हता. एखादा नवा भाडेकरू चाचरत नुसतं "काका" म्हणाला तर तेच सांगत, "पूर्ण म्हण. या गल्लीत काका पुष्कळ आहेत, गटारवाला मी एकटाच." ते आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. आम्ही तळमजल्यावर. या दोन मजल्यांच्या फरकामुळेच माझी आणि त्यांची गट्टी जमली, कारण पावसाळ्यात आमच्या घरात पाणी शिरलं की आमचं बिऱ्हाड त्यांच्याकडे वर जाई.

ते एका आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढायचे. कचेरी खाडीपलीकडे, आणि कामं आसपासच्या सगळ्या शहरांत. प्रत्येक शहराचे बांधकामाचे नियम वेगळे, आणि पावसाच्या पाण्याचे तर आणखीच वेगळे. एका ठिकाणी गच्चीचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा दाखवल्याशिवाय नकाशा पुढे सरकत नसे. दुसऱ्या ठिकाणी खड्ड्याचं कौतुक नाही, पण गटाराचा ढाळ काढून द्यावा लागे. तिसऱ्या ठिकाणी जोतं रस्त्याच्या किती वर, यावरून अडून बसत. काकांना हे सगळं तोंडपाठ होतं आणि त्यात त्यांना गोडी होती. आमच्या आया शेजारणींच्या लोणच्यांची तुलना करत, तशी ते शहरांच्या नियमांची करत. याचं मीठ बरोबर आहे, त्याची फोड चांगली आहे, पण मुरलेलं कुणाचंच नाही.

"पाण्याला हद्द कळत नाही," ते म्हणायचे. "नियम मात्र हद्दीच्या पाटीपाशी येऊन थांबतो." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते 'पाण्याला' म्हणाले की काकू आतून पुढचं पुरं करत. तरी काकांचा उत्साह कमी होत नसे. जगातली सगळी भांडणं शेजारच्या गावाचा नियम न वाचल्यामुळे होतात, असं त्यांचं मत होतं. माझं एक स्थळ फिसकटलं, तेव्हाही माझी समजूत घालताना ते शेवटी मुलाच्या गावातल्या नाल्यांवर आले. मी रडता रडता हसले होते. अशी त्यांची माया.

काका मूळचे वसईजवळच्या सांडोरचे. तिथे त्यांची वाडी होती, केळीची आणि भाजीपाल्याची, आणि ती त्यांचे थोरले भाऊ बघत. आम्हीही त्यांना दादाच म्हणायचो. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी शाळा सोडली, ती काकांची सुटू नये म्हणून. काकांनी ड्रॉइंगचा कोर्स केला, नोकरी धरली, काकूंच्या शाळेतल्या नोकरीसाठी विरारला बिऱ्हाड केलं. दादा वाडीतच राहिले. दर रविवारी ते पिशवी घेऊन यायचे. पिशवीत राजेळी केळी, पडवळ, अळूची पानं, कधी खाऊची पानं. पायऱ्या चढायच्या आधी दम घ्यायला आमच्या दाराशी थांबायचे, त्यातलं निम्मं आमच्या आईला द्यायचे आणि मग वर जायचे. वर गेल्यावर बोलायचे जवळजवळ नाहीतच. काका बोलत आणि दादा बशीत चहा ओतून ऐकत. दोघं भाऊ एकमेकांशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे, ती मला पुरती कळत नसे. पण दादांच्या चेहऱ्यावरून एवढं कळायचं की खाडीपलीकडच्या जोत्यांमध्ये त्यांना काडीचा रस नाही आणि ते सांगणाऱ्या भावाकडे बघून मात्र त्यांचं पोट भरतंय.

आमच्या गल्लीचं काम काकांनी निवृत्तीनंतर हातात घेतलं. आम्ही तळमजल्यावरची माणसं दर पावसाळ्यात फ्रिज विटांवर चढवत होतो. गाद्या माळ्यावर, गॅसचा सिलिंडर ओट्यावर. पाणी ओसरलं की भिंतीवर जी रेघ राही तिच्यावर आई दिवाळीला चुना मारी, आणि ती रेघ होळीपर्यंत परत वर येई. काकांनी गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आपल्या घरी बोलावलं आणि शेजारच्या शहरांचे नियम एकापुढे एक ठेवले. त्यातला खाडीपलीकडचा त्यांना सगळ्यात आवडे. "आधी रस्त्याची पातळी ठरवायची," ते सांगत होते, "मग सगळ्यांनी आपली आवारं आणि जोती त्याच्या वर घ्यायची, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना गटार. पाणी घरातून रस्त्याकडे, रस्त्यावरून गटाराकडे. एकदा ही उतरंड लागली की पाणी आपल्याला विचारायला येत नाही."

हे व्हायला फार चपला झिजल्या. पण झालं. गल्ली सिमेंटची झाली, कडेला झाकलेली गटारं आली, आणि आम्ही तळमजलेवाल्यांनी घरात भराव घालून फरशी वर घेतली. आमच्या दाराची चौकट तेवढी बुटकी झाली, बाबांना अजूनही वाकून आत यावं लागतं. पुढच्या पावसाळ्यात आमच्या घरात पाणी आलं नाही. पहिल्या मोठ्या पावसाला आई दाराशी खुर्ची टाकून बसून राहिली होती, पाणी येईल म्हणून. ते आलं नाही तेव्हा ती उठली, पुरणपोळ्या केल्या आणि वर नेऊन दिल्या. काका म्हणाले, "वहिनी, माझं काही नाही यात. खाडीपलीकडच्यांचं आहे." पण पोळ्या त्यांनी ठेवून घेतल्या.

ही बातमी सांडोरला पोचली आणि तिथल्या त्यांच्या वाडीच्या आळीने त्यांना बोलावलं. आळीत दोन नव्या इमारती आणि काही बंगले झाले होते, त्यांना सिमेंटचा रस्ता हवा होता. आपल्याच गावाने आपल्याला बोलवावं, याचं काकांना किती वाटलं असेल ते मी पाहिलं, कारण मी तेव्हा वसईच्या एका शाळेत शिकवत होते आणि शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर त्या सभेला गेले होते. दादा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. काका फळ्यावर रेघा ओढून समजावून देत होते आणि दादा रेघांकडे न बघता लोकांच्या तोंडाकडे बघत होते, लोकांना पटतंय की नाही ते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "आणि वाडीतलं पाणी रे?" काका म्हणाले, "दादा, गटारात जाईल." दादांनी मान हलवली आणि चहा सांगायला उठले.

आता सांडोरची ती आळी कशी होती ते सांगायला हवं. आमच्या मनवेलपाड्यासारखी ती नव्हती. तिथली घरं आणि वाड्या सखल, आणि मधली आळी त्याहूनही खोल. पावसाळ्यात ती आळी म्हणजेच ओहोळ. माणसं चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यातून जात, आणि दोन्हीकडच्या वाड्यांचं पाणी तिच्यात उतरे. जे तिच्यात मावत नसे ते वाडीतल्या बावखलात. बावखल म्हणजे वाडीच्या कोपऱ्यातला खोल खड्डा, लहानसं तळंच. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि उन्हाळ्यात तेच केळीला जातं. आजोबा-पणजोबांनी खणलेलं. काका लहानपणी त्या आळीतून केळीच्या सोपटाच्या होड्या सोडत खेळले होते. पण मोठं झाल्यावर, कचेरीत गेल्यावर, पाण्यातून चालणारी आळी त्यांना गावाचा मागासलेपणा वाटायला लागली होती. आणि बावखल कुठल्याही शहराच्या नियमात नव्हतं. काकांनी जे नियम वाचले होते त्यात घर वर होतं आणि रस्ता खाली. त्यांनी सांडोरला तोच रस्ता वर उचलला आणि घरं जिथल्या तिथे खाली राहिली.

बंगलेवाल्यांनी आपापली जोती वर घेतली. दादांचं घर जुनं, कौलारू, ते कसं वर घेणार. त्यांच्या खिडकीच्या गजांपर्यंत रस्ता आला. वाटणीत काकांच्या वाट्याला बावखलाचा कोपरा आला होता, तिथे त्यांच्या लेकीसाठी पुढेमागे घर बांधायचं मनात होतं. रस्त्याच्या कामातली माती उरली होती ती त्यांनी बावखलात घालून घेतली आणि जागा सपाट केली. म्हणाले, "डास तरी कमी होतील." गावात काहीच वावगं झाल्यासारखं कुणाला वाटलं नाही. उलट नारळ फोडला, पेढे वाटले. आम्ही सगळे त्या नव्या रस्त्यावर उभे राहून फोटो काढून आलो.

त्या पावसाळ्यापासून दादा फोनवर सांगायला लागले, "तू येऊ नको. चिखल फार हाय. मीच येतो." आणि यायचे. भर पावसात, छत्री उलटी होत, पिशवी घेऊन. काका विचारायचे, वाडी कशी आहे. दादा म्हणायचे, "यंदा पाऊस जास्त झाला." एवढंच. काका आम्हाला सांगत, "पाऊस जास्त झाला म्हणे यंदा," आणि आम्हीही मान हलवत असू, कारण पाऊस दर वर्षी जास्तच वाटतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. पिशवी मात्र एकाही रविवारी चुकली नाही.

ती पिशवी काकूंनी ओळखली होती. हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. पिशवीतली केळी राजेळी नव्हती. सारखी पिवळी, पावडर लावून पिकवलेली, बाजारातली. अळूच्या देठांना दुसऱ्याच गावची माती. दादा सकाळी वसईच्या बाजारात भाजी विकत घेत होते आणि आपल्या वाडीतली म्हणून भावाला आणून देत होते. काकूंनी एकदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं, त्यांनी नुसता हात हलवला, राहू दे अशा अर्थाने. "मी गप्प बसले," काकू म्हणाल्या. "त्यांनी मागितलं ते मला नाही म्हणवेना. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं."

तिसऱ्या पावसाळ्यात दादा आजारी पडले. पाय सुजले, ताप उतरेना, आणि एका रविवारी पिशवी आली नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी काका न विचारता सांडोरला गेले. मी शाळेतून परस्पर तिथे पोचले. काका रस्त्यावर उभे होते, खाली उतरलेच नव्हते. खाली अंगणात नडगीभर पाणी होतं, काळं, हलत नसलेलं. केळी पिवळ्या पडून एकमेकींवर आडव्या झाल्या होत्या. खाऊच्या पानांचा मांडव नव्हताच. ओटीवर खाट विटांवर चढवून ठेवली होती आणि खाटेवर दादा. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि उठून बसायचा प्रयत्न केला. काका रस्त्याच्या कडेचं गटार बघायला वाकले नाहीत. ते त्यांना बघायची गरज नव्हती, कारण गटार त्या अंगणाच्या पुष्कळ वर होतं.

ते बुटांसकट पाण्यात उतरले. दादांच्या खाटेशी जाऊन काही म्हणायला लागले तर दादांनीच आधी सांगितलं, "पाऊस जास्त झाला रे यंदा." वहिनी, म्हणजे दादांची बायको, चुलीपाशी पाटावर पाय घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

दादा त्याच आठवड्यात गेले. त्यांना दोन मुली, मुलगा नाही, म्हणून मडकं काकांच्या हातात आलं. पाऊस पडतच होता. अंगणातून तिरडी उचलली आणि माणसं पाण्यातून चालत रस्त्यापाशी आली, आणि तिथे थांबली. रस्ता त्यांच्या छातीशी होता. पायऱ्या घराच्या दुसऱ्या बाजूला, तिथे पाणी जास्त. मग चौघांनी खालून तिरडी डोक्यावर घेतली आणि वर उभ्या राहिलेल्या चौघांनी ती ओढून घेतली. दोनदा ती कलली. दादांचा एक पाय सुटून कडेच्या सिमेंटला लागला तसं कुणीतरी म्हणालं, "सांभाळा, रस्ता फार वर आहे." ही पातळी काकांनी काढलेली होती. ते वर उभे होते, मडकं घेऊन, पुढे तोंड करून. पुढच्याने मागे वळून बघायचं नसतं. पण ऐकू तर सगळं येतं.

दहावा-तेरावा झाला आणि काका गावातल्या लोकांच्या मागे लागले की रस्ता कापा, निदान वाडीपुरता तरी खाली घ्या. सभा बोलावली. पहिल्यांदा त्यांना फुलं देऊन बोलावणारेच लोक होते. एक जण म्हणाला, "पण काका, पातळी तुमचीच ना?" तो वाईट माणूस नव्हता, त्याच्या तळघरात गाडी होती. दुसरा म्हणाला, रस्ता कापला तर पाणी आमच्या जोत्याशी येईल. त्यांचंही खोटं नव्हतं. काका घरी आले आणि आठवडाभर शेजारच्या सगळ्या शहरांचे नियम घेऊन बसले. जुन्या कचेरीत फोन केले, ओळखीच्या इंजिनिअरांना विचारलं. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी ते सगळं गुंडाळून माळ्यावर टाकलं. मला म्हणाले, "रस्ता वर घ्यायचा नियम सगळीकडे आहे. खाली उतरवायचा कुठेच नाही."

त्यानंतर त्यांनी कधी दोन गावांची तुलना केली नाही. लग्नाच्या हॉलला गेले तर गुपचूप खुर्चीवर बसत. काकू मुद्दाम विचारत, "मागे ढाळ बघून आलात का?" काका म्हणत, "असेल बरोबर." काकूंना ते फार लागे. माणूस आजारी पडला तर औषध देता येतं, या न वाकण्याला काय द्यायचं ते त्यांना कळेना. आमच्या गल्लीत पाऊस पडून पाणी सुरसुर निघून जाई आणि काका खिडकी लावून घेत. आमचं घर कोरडं होतं आणि त्यांना ते बघवत नव्हतं, हे मला कळत होतं. मी त्या घरात सुखाने झोपत होते आणि मला त्याची लाज वाटायची, पण लाज वाटली म्हणून झोप काही जात नसे. खरं ते सांगितलेलं बरं.

मग पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी लेकीला फोन केला. "तुझ्या घराची जागा मी परत घेतोय," म्हणाले. ती पुण्याला असते, समजूतदार आहे. तिने विचारलं, कशाला. "त्यात पाणी ठेवायचंय." ती म्हणाली, "ठेवा बाबा." काकांनी जेसीबी बोलावला आणि बुजवलेलं बावखल पुन्हा खणायला घेतलं. चालवणारा खाडीकाठच्या एका भाताच्या गावचा होता. थोडं खणून झाल्यावर तो यंत्र थांबवून खाली उतरला. "काका, हितं पानी लागलं हाय. घर नाय व्हायचं हितं." काका म्हणाले, "पाण्यासाठीच खणतोय." तो म्हणाला, "मंग आदी भरलं कोनी?" काकांनी त्याला पाण्याची बाटली दिली आणि आणखी खोल घ्यायला सांगितलं.

काका रोज तिथे जाऊन उभे राहायचे. वाडीतल्या जुन्या चऱ्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या लहान सऱ्या, त्यांनी स्वतः फावड्याने मोकळ्या केल्या, त्या वयात. पातळी बघायला नळी घेतली नाही, यंत्र घेतलं नाही. वहिनींना विचारायचे, "दादा पाणी कुठून वळवायचा?" आणि त्या पडवीतून हात करून दाखवायच्या. त्या एवढंच करायच्या. बाकी दोघांत बोलणं नव्हतं. भांडणही नव्हतं. वहिनी त्यांना जेवायला वाढायच्या, ताट उचलायच्या, आणि आत जायच्या.

त्या पावसाळ्यात अंगणात पाणी साठलं नाही. वाडीतलं पाणी चऱ्यांतून गेलं आणि बावखलात उतरलं. रस्ता होता तिथेच होता, खिडकीच्या गजांशी, पण घर त्याच्या खाली कोरडं राहिलं. मेलेल्या केळींच्या जागी नव्या लावायला वहिनींच्या मुली येऊन गेल्या.

काका तो पावसाळा संपायच्या आत गेले. झोपेतच. आमच्या गल्लीने त्यांच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं होतं, वर्गणीही जमायला लागली होती. काकू खाली आल्या आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, पाटी लावू नका, त्यांना आवडणार नाही. सेक्रेटरींना वाटलं काकू विनय करतायत. मी त्यांना थांबवलं आणि कारण सांगितलं नाही.

मला ते शेवटचे भेटले ते सांडोरच्या पडवीत. श्रावणातली दुपार होती, पाऊस संथ लागला होता. मी शाळेतून गेले होते. काका भिंतीला टेकून बसले होते आणि बावखल हळूहळू भरत होतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काका, दादांना बरं वाटलं असतं."

ते बावखलाकडे बघत म्हणाले, "त्याने एकदा तरी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. लहानपणी मारलंय त्याने मला, शाळा बुडवली म्हणून. तसं एकदा यायचं, कानाखाली ओढायची, आणि म्हणायचं की चल, बघ काय करून ठेवलंस. मी त्याच वर्षी खणलं असतं. तो म्हणाला पाऊस जास्त झाला, आणि मी मानलं. आसपासच्या सगळ्या गावांचा पाऊस मला माहीत असायचा. नव्हता झाला जास्त. मला मानायचं होतं म्हणून मी मानलं."

वहिनी आत तांदूळ निवडत होत्या. त्या सूप घेऊन दाराशी आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. दादा गेल्यापासून त्या काकांसमोर अशा बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

"मी एकदा फोन लावलेला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी. पाणी चुलीत गेलं त्या रात्री. तुम्ही उचललात, हॅलो म्हणालात. तेवढ्यात त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. पाण्यात उभे होते. आणि तुम्हाला विचारलं, जेवलास का."



"आठवतं," काका म्हणाले. "मी म्हटलं, जेवलो."